गेटवरचं स्टूल

हिरेमठसाहेबांच्या घरी जेवायला गेलं की "छान झालंय" म्हणायची सोय नव्हती. "छान काय हाय ते र्‍हाऊ द्या की. काय न्हाय ते सांगा!" साहेब म्हणायचे, आणि वहिनी आतून डोळे वटारायच्या. एकदा मी भीत भीत "मीठ" म्हणाले, तर स्वारी खूश! स्वतः उठून मीठ घेऊन आले.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापूरच्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला. साहेब त्याचे प्रोग्रॅम लिहायचे आणि मी मशीनला वाचता येतील अशी भोकांची कार्डं पंच करायची. काचेची गार खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. कामगारांच्या पाळ्या लावणारे जुने टाइमकीपर अण्णा निवृत्त झाले आणि ते काम मशीनकडे आलं. काही अडलं तर इंग्रजीत अर्ज करायचा, त्यावर खातेप्रमुखाची सही आणायची. अर्थात एकही अर्ज आला नाही. मॅनेजर खूश होते, पण साहेबांना चैन पडेना.

"मंगलाताई, एवढ्या मानसांत कुणाचंच काय अडत न्हाय? मला न्हाय पटत."

मग त्यांनी खोलीतलं स्टूल उचललं आणि पाळी सुटताना गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. मी शेजारी उभी. येईल त्याला ते विचारत, मशीनमध्ये काय कमी आहे? उत्तर ठरलेलं, "सगळं झकास हाय की, साहेब!" साहेबाच्या तोंडावर त्याच्या मशीनला नावं कोण ठेवणार? मला तर हसू यायचं.

एका दुपारी वाइंडिंग खात्यातली नरसम्मा समोरून चालली होती. साहेबांनी सहज विचारलं, "अण्णांची आठवण येती का वो?"

बाई थांबलीच. "लई येती साहेब! देवमानूस. मला अन् मालकाला एका पाळीत कदी टाकलं न्हाई. आता दोगंबी एकाच टायमाला हितं, अन् पोरगं घरात एकटं, भायेरनं कडी लावून. म्हैनाअखेर काम सोडनार हाय मी."

साहेबांचा चेहरा उतरला. कोण कुणाची बायको, हे अण्णांना तोंडपाठ होतं. मशीनला ते सांगायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅम बदलला, मी सगळी कार्डं पुन्हा पंच केली. पुढच्या तक्त्यात नवरा-बायकोच्या पाळ्या वेगळ्या झाल्या आणि नरसम्मा कामावर राहिली.

त्यानंतर साहेब गेटवर फक्त अण्णांची आठवण येते का, एवढंच विचारायचे. लोक भरभरून बोलायचे आणि मी लिहून घ्यायची. "तक्रार कुनी करत न्हाय, मंगलाताई. आठवण मातर सगळी काडतात."

साहेब नोकरीत असतानाच हृदयविकारानं गेले. कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. मोठ्यांची भाषणं संपल्यावर नरसम्मा उठली. "साहेब लई चांगले. गेटवर बसायचे, इचारायचे," एवढं बोलून पदर तोंडाला लावून खाली बसली. सगळे हळहळले. मला फार रडू आलं, आणि रडता रडताच तिच्या आठवणीतली तक्रार नीट कानात शिरली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी मी चपला घातल्या, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि गेटवर जाऊन बसले. पहिली बाई समोर आली तशी विचारलं, "हिरेमठसाहेबांची आठवण येते का गं?"