सारवलेलं पटांगण

सौंदडजवळच्या एका राइस मिलच्या पटांगणात माझी आई उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं धान वाळवायची. उकडलेलं धान विटांच्या फरशीवर पसरायचं आणि बायांनी त्यातून अनवाणी पाय घासत फिरायचं, म्हणजे ते सगळीकडून सारखं वाळतं. त्या मजुरीवर आमचं घर चालायचं. तांदूळ आफ्रिकेत जातो, एवढंच आम्हाला ठाऊक.

मग परदेशातली एक कंपनी मिलमध्ये पैसा घालणार, अशी बातमी आली. तिचे साहेब पाहायला येणार होते. शेठ बायांना म्हणाला, "सब चकाचक होना." बायांनी केलंच की! आमच्याकडे धान सारवलेल्या खळ्यावर पडतं. पाहुण्यांपुढं उघड्या विटा कशा ठेवायच्या? आदल्या दिवशी त्यांनी सगळं पटांगण शेणानं सारवलं, कडेनं रांगोळी घातली.

गोरा साहेब नाक मुरडत खाली वाकला. हे काय, असं त्यानं सोबतच्या माणसाकरवी विचारलं. आई हौसेनं पुढं झाली. "गाईचं शेण हाय साहेब, ताजं!"

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! कंपनीचा पैसा आला तो अट घेऊनच: धान जमिनीला लागायचं नाही. वाळवायचं यंत्र बसलं, बाया घरी बसल्या. "आमीच घात केला बाबू," आई म्हणायची. अगं, शेण नसतं तरी यंत्र आलंच असतं, असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिला पटलं नाही. मला त्या कंपनीचा इतका संताप यायचा, पण शिव्या घालायला समोर होतं कोण?

काही वर्षांनी कंपनीनं दुसऱ्याच देशात, बंदराला लागून मिल घेतली आणि इथून गेली. यंत्र नेलं, आफ्रिकेतलं गिऱ्हाईकही नेलं. शेठचे जुने व्यापारी आता तिच्याचकडून माल उचलत होते.

एक दिवस शेठचा निरोप आला, बायांना पाठवा. आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. धुतलेलं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या आधी मिलवर पोचली. शेठनं सांगितलं, उसना तांदूळ कायमचा बंद, जागा विकली. फरशीच्या विटा उखडून ट्रकमध्ये भरायच्या आहेत.

"मंग आमालेच कायले बोलावलं?" आईनं विचारलं.

"तुम लोगों को यहाँ काम करने की आदत है ना."

दिवसभर तिनं विटा उपसल्या. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "उद्या बी जाणं हाय. अर्धं पटांगण बाकी हाय."