तगरीवरचा हिरवा पतंग

धाकटा भाऊ डेंग्यूने गेला, त्याच पावसाळ्यात त्याच्या फोटोवर एक हिरवा पतंग येऊन बसला. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, कोवळा पोपटी, पंखांच्या कडेला बारीक तपकिरी रेघ. आई म्हणाली, "आला बघ." मला राग आला. असल्या गोष्टींचा मला एरवीही येतो, आणि त्या दिवसांत तर कशाचाही यायचा.

दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला आमचा फ्लॅट रिजच्या, म्हणजे टेकडीवरच्या जंगलाच्या, झाडीला अगदी लागून आहे. पाखरं घरात येणारच. आईला हे पटवायचंच म्हणून मी पतंगाचा फोटो काढून पतंग-फुलपाखरं ओळखणाऱ्या हौशी मंडळींच्या एका ग्रुपवर टाकला. तिकडून उलट प्रश्न आला: घरात तगर आहे का? होती, बाल्कनीत, कुंडीत. तिचीच फुलं आई रोज भावाच्या फोटोला वाहायची.

मग सगळा उलगडा झाला. मादी तगरीच्या पानांवर अंडी घालते. अळी पान गुंडाळून आत राहते, तेच कुरतडते, तिथेच कोष करते आणि पतंग होऊन बाहेर पडते. मी हे आईला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं.

"गुंडाळलेल्या पानात?" तिने विचारलं.

झाडाला कीड लागून फुलं कमी होऊ नयेत म्हणून ती रोज सकाळी गुंडाळलेली पानं खुडायची आणि चपलेखाली चिरडायची.

"त्याच्या फुलांसाठीच करत होते गं मी," ती म्हणाली. दवाखान्यातही न रडलेली माझी आई बाल्कनीत फतकल मारून रडली.

त्यानंतर तिने तगरीला हात लावला नाही. पानांची चाळण झाली. फोटोला फूल मिळेना. झेंडू आणते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, यार." भावाच्या तोंडचं ते 'यार' तिने कधी उचललं, कळलंही नाही.

एका संध्याकाळी गुंडाळीतून नवा पतंग बाहेर आला आणि फांदीवर पंख वाळवत बसला. आईने घरातले सगळे दिवे लावले, दार सताड उघडलं. "चलो बाळा, आत ये," ती म्हणत राहिली. पंख सुकल्यावर तो कठड्यावरून उडाला आणि रिजच्या झाडीत दिसेनासा झाला.

"तिकडे कोण आहे गं त्याचं?" आईने विचारलं.

"त्याच्यासारखे पुष्कळ असतील, आई," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.