चेष्टा कीजिए

कॉलऱ्याच्या साथीतून माझी बायको वाचली, तेव्हा जयपूरच्या सोडाला भागातल्या शेजाऱ्यांनी माझ्याकडून मिठाई मागून खाल्ली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रिकाम्या हातांनी या शहरात येऊन मी चादरींच्या धंद्यावर उभा राहिलो होतो. भाव खाली आणल्याशिवाय कुणाच्या दुकानाची पायरी उतरत नसे.

पण इस्पितळातून घरी आली ती बाई निराळीच. नळाला पाणी आलं की दचकायची. उकळलेलं पाणी पुन्हा उकळायची, पेला तोंडाशी नेऊन तसाच खाली ठेवायची. झोप नाही. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्यादेखत गेली, एवढं एकदा म्हणाली.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"भाईसाहब, बीमारी तो गई."

"गई तो ये खाती क्यों नहीं? सोती क्यों नहीं?" मी टेबलावर हात आपटला. "कुछ दवा लिखिए!"

तो तिच्याकडे वळला. "बहनजी, आप थोड़ी चेष्टा कीजिए. सब ठीक हो जाएगा."

रिक्षात ती रडली. मला वाटलं, बरं झालं, मोकळी होतेय. त्यानंतर मात्र ती गप्पच झाली. काही विचारलं की "बरी आहे" म्हणायची. शेवटी एका संध्याकाळी माझा तोल गेला.

"अगं, होतंय काय ते सांगशील की नाही?"

"कशाला? तुम्हीही म्हणाल, चेष्टा करतेय."

"कोण म्हणालं असं?"

"डॉक्टर. तुमच्यासमोर. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

मला आधी हसू आलं, मग रिक्षातलं तिचं रडणं आठवलं. बाजारात राहून हिंदी माझ्या अंगात मुरली होती. ती साताऱ्याहून आलेली, घरात मराठीच बोलणारी; तिने चेष्टा म्हणजे थट्टाच ऐकली होती.

"अगं बाई, यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. प्रयत्न करा, म्हणाला तो."

तिने पदराचं टोक पिळलं.

"म्हणजे मी प्रयत्न करत नाही, असं वाटलं त्यांना?"

त्या डॉक्टरवरचा माझा राग आजही गेलेला नाही. तेव्हा तर मी चपला घालून दारापर्यंत पोचलो होतो. तिने हात धरला.

"भांडू नका. बसा इथं."

मी बसलो. तिचा हात थंडगार होता. आत स्वयंपाकघरात पाणी उकळून उकळून आटत चाललं होतं, आणि ती उठत नव्हती.