सबटायटलला दिलेले नंबर

ही गोष्ट सांगायचं मी चार वर्षं टाळलं. मोशीच्या आमच्या सोसायटीत एक पोरगा कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा. माउस धरण्याआधी रुमालाने बोटं पुसायचा. आमच्या हिला ऐकू कमी येतं, म्हणून सबटायटलच्या फायलींना आपोआप सिनेमाचंच नाव मिळेल आणि सिनेमाखाली त्याचीच अक्षरं लागतील, असा नियम त्याने बसवला.

मी जन्मभर कंपनीच्या स्टोअरमध्ये काम केलेलं, तिथे प्रत्येक वस्तूला नंबर. गुपचूप नियम बदलून सगळ्या सिनेमांना आणि त्यांच्या सबटायटलना नंबर दिले. एक नंबर चुकला. शेजाऱ्यांसमोर सिनेमा लावला, तर तिरडीपाशी रडणाऱ्या नायिकेखाली अक्षरं उमटली, "मास्तर, आधी पँट घाला!"

मी त्याच्यावरच खेकसलो. सेटिंग बघून तो माझ्या कानात म्हणाला, "काका, स्टोअरची सवय जात नाही, व्हय?" शेजाऱ्यांना मात्र म्हणाला, "चुकलं माझं." सोसायटीने त्याला बोलावणं बंद केलं.

परवा स्टॉपवर भेटला. "काकूंना नीट वाचता येतंय ना?"

"माझंच चुकलं" ओठांवर आलं. मी विचारलं, "बस किती वाजता आहे?"