वच्छला नऊच नखं रंगवायची

वच्छलानं सदर भागातल्या माझ्या पार्लरमध्ये मले सात वर्षं छळलं. खोटं कशाले बोलू? सक्करदऱ्याहून सायकलनं यायची. त्याआधी एका डॉक्टरकडे मलमपट्टी करत होती. हात हलका, तोंड मात्र सरळसोट. नखाच्या बुडाची कातडी काढताना कैची जराशी लागली, की भर पार्लरमध्ये सांगायची, "बाई, माझ्याकडून कापलं." मग नळाखाली साबणानं बोट धुवायची, स्वच्छ कापूस पाच मिनिटं दाबून धरायची, पट्टी लावायची. त्या नखाले पॉलिश नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक नऊ नखं रंगवून घरी जाय!

"अवं, वरून लाल रंग लाव ना! रक्त कोणाले दिसते?" मी ओरडायची.

"दिसत नाही म्हणूनच पिकते, ताई."

एक्याऐंशी साली प्रेमिलाबाई आल्या. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. नेमकी अंगठ्याले कैची लागली. वच्छलानं सांगितलं, धुतलं, दाबलं, लावायले पट्टी हातात घेतली. बाई कुरकुरल्या, "ओटी भरताना चारचौघी हातच पाहतात वं!" तेव्हा मी वच्छलाले बाजूले सारलं अन् स्वतः त्या अंगठ्यावर लाल पॉलिश फिरवलं.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या. अंगठा टम्म सुजलेला, नखाच्या कडेले पू. "हिनं कापलं! आत्ताच्या आत्ता काढा हिले, नाहीतर आमच्यातली एकही इथं पाय ठेवणार नाही."

वच्छला खाली मान घालून उभी. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं, मले ठाऊक होतं. अन् मी? मी पॉलिशच्या बाटल्या सरळ करत बसली! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटते. शेवटी कसंबसं तोंड उघडलं, "बाई, हिनं नको म्हटलं होतं. रंग मी लावला."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, पर्स उचलली अन् तरातरा निघून गेल्या.

मले वाटलं, वच्छला आता दोन शब्द बरे बोलेल. कशाचं काय! माझ्यावरच उखडली. "ताई, चूक कोणाची ते पाहू मागून. बाईनं बोट डॉक्टरले दाखवलं का, हे आपण विचारलं तरी का?"

अन् तशीच रस्त्यावर धावली. रिक्षात बसणाऱ्या बाईंचा हात धरून त्यांच्या शेजारी चढली, अन् त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.