लावणीची सुट्टी

"काय, तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?" वेल्ह्याकडचा कुणी माणूस भोरच्या बाजारात दिसला, की आमचे हेडमास्तर आधी हे विचारत. नमस्कार-चमत्कार मागाहून. नव्या माणसाला वाटे, गृहस्थांची मोठी भातशेती असणार. शेती कसली! परसात अळूचं एक आळं होतं, तेही त्यांच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, लावलेलं.

त्यांची लहानशी खाजगी शाळा होती. शिक्षक दोन, ते आणि मी. इतर शाळांना उन्हाळ्यात लांब सुट्टी मिळे, आम्हाला जेमतेम आठवडा. शाळा सकाळी साडेसहाला भरे आणि ऊन तापायच्या आत सुटे. आषाढात मात्र भातलावणीसाठी महिनाभर बंद.

"पोरं लावणीला जाणारच," ते म्हणत. "शाळा चालू ठेवली तर पळून जातील, बंद ठेवली तर परत येतील. शाळा खाजगी आहे ना? मग वर्ष कुठं कापायचं ते आपण ठरवू."

एका साली मात्र अंदाज साफ चुकला. सुट्टी दिली आणि पावसानं दडी मारली. महिना संपला, शाळा उघडली, आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. सगळी पोरं पुन्हा शेतात! मास्तर आणि मी रिकाम्या वर्गात एकमेकांची तोंडं बघत बसलो.

खरी पंचाईत पुढे होती. फायनलच्या परीक्षेला बसायला हजेरीचे ठरावीक दिवस भरावे लागत. आमचे अठरा कमी पडत होते. वरच्या वर्गात अकरा मुलं. त्यांतला एक तोरण्याच्या पायथ्याचा, गणितात तरबेज, शाळेतच राहणारा. त्याच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं, "गुर्जी, येवढं येकच साल. पास झाला तर तुमचा, न्हाई तर माझ्या औताला."

मी तोडगा काढला. "हजेरी मांडून टाकू. कोण बघतंय?"

"वहीत भरतील हो दिवस," मास्तर म्हणाले. "पोरांच्या डोक्यात कोण भरणार?" त्यांनी रविवार धरले, तरी पुरेनात. मग दिवाळीच्या सुट्टीवर काट मारली.

माझं डोकंच फिरलं. नुकतं लग्न झालेलं, पहिला दिवाळसण, सासरे पुण्यात वाट बघत होते. मास्तरांना ते ठाऊक होतं. "तुम्ही खुशाल जा. चूक माझी, दिवस मी भरीन."

आणि मी गेलो! अंगठी मिरवत भाऊबीजेला परतलो, तर शाळा भरलेली. पोरांची डोकी तेलानं चपचपीत. सणाचं तेल बाईंनी लावलं होतं, न्हाऊमाखू घालून पोरांना थेट वर्गात धाडलं होतं. मास्तरांचा घसा पार बसला होता. शब्द फुटत नव्हता, तर सगळा धडा ते फळ्यावर लिहून शिकवत होते.

इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. मी त्यांच्या हातातला खडू घेतला. ते हसले आणि पोरांमध्ये खाली जाऊन बसले. पगार मला दोन वर्षं मिळत होता, पण मास्तर मी त्या दिवशी झालो. हे ऋण मी आनंदानं मिरवतो.

अकरापैकी नऊ पास झाले. तो गणितवालाही. पुढे तो वेल्ह्याकडेच शिक्षक झाला.

बऱ्याच वर्षांनी मास्तर गेले, ते ऐन आषाढात. शाळा बंद, गावं शेतात. दहाव्याला नदीवर आम्ही चार-पाच शेजारीच असू, असं मी धरून चाललो होतो. पाहतो तर घाटावर इरली पांघरलेली ही गर्दी! बाया, बापे, जुने विद्यार्थी. त्या गणितवाल्याचे वडील थकले होते, तरी लेकाचा हात धरून आले होते.

"ऐन लावणी टाकून आलात?" मी विचारलं.

"व्हय. ऱ्हाऊ द्या रोपं येक दिस," ते म्हणाले. त्यांच्या गुडघ्यापर्यंत शेतातला चिखल तसाच होता.