फुटलेला आवाज

घाटनांदूरच्या शाळेत आठवीला शिकवत असताना माझ्याकडून एक अपराध घडला. तो अपराधच होता, हे स्वतःशी कबूल करायला मला फार अवधी लागला.

वर्गातला एक मुलगा रोज परिपाठात प्रार्थना सांगायचा. एका सकाळी वरच्या पट्टीत त्याचा आवाज अचानक फाटला. मुले हसली. त्यांना दटावायचे सोडून मीही हसलो आणि म्हणालो, "आरवला बे आमचा कोंबडा!" मला तो लाडाचा विनोद वाटला होता. दुपारपर्यंत सारी शाळा त्याला कोंबडा म्हणू लागली. त्याने बोलणेच टाकले. हजेरीला नुसता हात वर करी.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानात गेलो. त्यांना निराळीच चिंता होती.

"सर, घसाच गेला पोराचा. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. त्याच्या आईनं कपिलधारला नवस बोललाय. कायबी फरक न्हाई."

मुलगा तराजूमागे मान खाली घालून उभा होता. त्याच्या देखत मी वडिलांना सांगितले, "घसा चांगला आहे. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुस्तक उघडले नाही. वयात येताना आवाज का फुटतो, मिसरूड का येते, विनाकारण राग का येतो, ते जमेल तसे सांगितले. माझा आवाज फुटला तेव्हा मी भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून हिंडलो होतो, हेही सांगितले.

"उन्हाळ्यात मफलर? लई हुशार होते की सर तुमी!" मागून एकजण म्हणाला. वर्ग खळखळून हसला. हसू ओसरल्यावर मी त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली.

तो उठून उभा राहिला.

"सर, तुमाला तर सगळं म्हाईत होतं. तरी कावून हसलात?"

'तरी'वर त्याचा आवाज चिरकला. कोणी हसले नाही.

मला खोटे बोलवेना. "सगळे हसत होते. मीही तुमच्यातलाच आहे, असं तुम्हांला वाटावं म्हणून हसलो."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसला. ती क्षमा होती की नुसती पोच, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी तो कुणाशी तरी त्याच चिरक्या आवाजात कडाकडा भांडत होता. मी मध्ये पडलो नाही.